भालोडियांची अर्धी

राजकोटच्या आजी औद्योगिक वसाहतीत पंपाच्या धंद्यात नवा माणूस उतरला की त्याला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी पानाच्या टपरीवर बाजूला घेऊन सांगायचं, की भालोडियांकडे सौद्याला गेलास तर तोंडाकडे बघू नकोस, चहाकडे बघ.

कारण थोरले कुरजीभाई भालोडिया कोणालाही हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. समोरचा माणूस तांब्याच्या तारेचा भाव सांगायचा, घसा कोरडा होईपर्यंत आपल्या मालाची तारीफ करायचा, आणि कुरजीभाई खिडकीतून अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत बसायचे. मग चहा यायचा. सगळ्यांना आपापला कप. कुरजीभाईंनी आपला कप शेवटपर्यंत एकट्याने संपवला, तर पाहुण्याने उठावं, कपडे झटकावेत आणि जय श्री कृष्ण म्हणून स्कूटर काढावी. पण त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून ती बशी टेबलावरून समोर सरकवली, की झालं. पाहुण्याने ती प्यायची. त्यानंतर भाव वर जावो की खाली, भालोडिया फिरत नसत आणि पाहुण्यालाही फिरायची सोय नव्हती. 'अर्धी मिळाली' म्हटलं की बँकेचा मॅनेजरसुद्धा पुढचं विचारत नसे. कोइमतूरहून आलेल्या एका मोटारवाल्याने एकदा 'मी उष्टं घेत नाही' म्हणून बशी नम्रपणे परत केली. आपला माल कुठे कमी पडला, हे तो बिचारा अजून शोधतोय असं म्हणतात.

धाकटे जेरामभाई ह्या सगळ्यात कुठे होते? डाव्या हाताला. टेबलाच्या एकाच बाजूला दोघा भावांच्या खुर्च्या, पाहुणे समोर. जेरामभाईंच्या उजव्या हाताला कुरजीभाई, ही मांडणी शेड बांधली तेव्हापासूनची. जेरामभाई बोलायचे त्याहूनही कमी. वसाहतीतली चेष्टा अशी होती, की कुरजीभाई मुके आहेत आणि जेरामभाई त्यांचे वकील.

आता एक अर्धी निराळीही होती, आणि ती फार थोड्यांना माहीत होती. एक ते चार आमचं राजकोट बंद असतं. त्या वेळात देवळातले ठाकोरजीही झोपलेले असतात, तिथे गिऱ्हाईक कोण लागून गेलं. दोघे भाऊ घरून आलेला बाजरीचा रोटला, कांदा आणि ताक संपवून ऑफिसच्या मागच्या खोलीत जात. तिथे दोन खाटा, मध्ये एक कूलर, दार बंद. चारला उठले की टेबलावर एकच कप यायचा, दोघांत मिळून. जेरामभाई त्यातला अर्धा बशीत ओतून उजवीकडे सरकवायचे. थोरला बशीतून, धाकटा कपातून. ह्या अर्धीत कसलाही सौदा नव्हता. ही घरची होती.

गेल्याच्या गेल्या वैशाखात जेरामभाई चारला उठले. चादर घडी केली. कुरजीभाई कुशीवर होते, त्यांना उठायला जरा वेळ लागायचाच. जेरामभाई बाहेर येऊन खुर्चीवर बसले, चहा आला, त्यांनी अर्धा ओतला, उजवीकडे सरकवला आणि आपला प्यायले. बशीतल्या चहावर साय धरली. मग ते उठवायला आत गेले.

डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय, झोपेतच गेले. जेरामभाईंना त्या दुपारी छान झोप लागली होती. हातभर अंतरावर.

रडायला ते विसरले असं बायका म्हणाल्या. पण विसरले नव्हते, ते आलंच नाही. दात काढताना डॉक्टर गालाला भूल देतात, आणि घरी आल्यावर गाल चावला तरी समजत नाही, तसं काहीतरी त्यांच्या सगळ्या अंगाला झालं होतं आणि उतरायचं नाव नव्हतं. रविवारी गाठियांबरोबर तळलेली मिरची लोक जपून खातात. जेरामभाई ती भेंडी खावी तशी खायचे आणि शेजारचा डोळ्यांतून पाणी काढत त्यांच्याकडे बघत राहायचा. एकदा भट्टीवरून आलेल्या गरम कास्टिंगवर हात ठेवून ते सुपरवायझरशी बोलत राहिले. त्यानेच हात उचलून बाजूला केला.

ऑफिसातला चारचा चहा त्यांनी त्या दिवसापासून सोडला. दुपारची झोप मात्र सोडली नाही. एक वाजला की मागच्या खोलीत जायचं, दार लावायचं, आपल्या खाटेवर पडायचं. दुसऱ्या खाटेवरची चादर दर सोमवारी बदलली जायची. त्यांना ह्या जगात आता काही हवं आहे का, असं कोणी विचारलं असतं, तर बराच विचार करून त्यांनी त्या खोलीचं नाव घेतलं असतं. पण तसं विचारणारं कोणी नव्हतं.

विचारणारे दुसरंच विचारत होते. "भरणं कधी आणताय?"

कंपनी शेअरबाजारात उतरवायची, लोकांना शेअर विकायचे, ह्याला आमच्याकडे भरणं आणणं म्हणतात. आणि ते का आणायचं, ह्याची पुस्तकात लिहिलेली कारणं वेगळी आणि राजकोटातली वेगळी. पुस्तकात भांडवल, विस्तार, नवी यंत्रं. राजकोटात वल्लभ सगपरिया.

वल्लभभाईंचा पंपाचाच कारखाना, भालोडियांच्या अगदी समोरच्या प्लॉटवर. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भरणं आणलं आणि लोकांनी ते कैक पटींनी भरलं. त्यानंतर वल्लभभाईंनी ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर भला मोठा टीव्ही लावला, त्यावर दिवसभर त्यांच्याच शेअरचा भाव. बोअरसाठी पंप घ्यायला आलेला जसदणचा पटेलसुद्धा आधी वर बघायचा आणि मग भाव करायचा. वल्लभभाईंच्या मुलाला लग्नाची मागणी एकदम सुरतेहून आली. सत्संगात त्यांच्या बायकोला पहिल्या रांगेत जागा मिळू लागली, आणि जेरामभाईंच्या मुक्ताबेनना बायका अशा आवाजात "तुमचं कधी?" विचारायच्या, की जणू घरात लग्नाची मुलगी बसून राहिली आहे.

एवढं होऊन वल्लभभाईंचे डोळे मात्र कायम लाल. बाजार दुपारी चालू असतो, झोपणार कधी?

भालोडियांकडे भरण्याचं खूळ घेतलं होतं ते कुरजीभाईंच्या मुलाने, भौतिकने. पोरगा वाईट नाही. बापासारखं खिडकीबाहेर बघत बसणं त्याला जमत नाही, इतकंच. बाप गेल्यावर त्याने कारभार हातात घेतला, सौदे कागदावर आणले, आणि चहा तिथे नुसता चहा राहिला. पण भरण्याचं काम कागदावर होणारं नव्हतं. अर्धी मालकी जेरामभाईंची. बाकीची भौतिकच्या आईची, रंभाभाभीची. आणि रंभाभाभीने एकाच वाक्यात हात झटकले होते.

"जेरामभाई हो म्हणाले तर मी डोळे मिटून सही करते. नाही म्हणाले तर उघडे ठेवूनसुद्धा करणार नाही."

"मम्मी, काका काही बोलतच नाहीत."

"मग थांब."

भौतिक वर्षभर थांबला. काकांना जेवताना विचारलं, गाडीत विचारलं, जन्माष्टमीच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत विचारलं. काका म्हणायचे, "हं." ह्या 'हं'चा अर्थ कळावा म्हणून त्याने सीएलासुद्धा विचारलं. सीए म्हणाला, कायद्यात त्याला जागा नाही.

मग एक दिवस अहमदाबादहून केयूर झवेरी आला. हा मर्चंट बँकर, म्हणजे कंपन्यांना बाजारात उतरवून देणारा. माणूस कसा? नवऱ्या मुलाचा मामा असतो ना, ज्याला दोन्हीकडचं माहीत असतं आणि जो जेवणाच्या वेळी बरोबर हजर असतो, तसा. भौतिकने त्याला फोनवर हसत सांगून ठेवलं होतं, "कागदबिगद नंतर. आमच्या काकांनी अर्धी बशी दिली, की समजा बोर्डाचा ठराव झाला. मिळाली तर लगेच पिऊन टाका, विचार करू नका."

बैठक चारला ठेवली, कारण त्याआधी कोणी उठलेलं नसतं. जेरामभाई मागच्या खोलीतून आले, आपल्या खुर्चीवर बसले. समोरच्या दोन खुर्च्यांवर भौतिक आणि सीए. झवेरी गाडी लावून मागून आला, आणि त्याला एकच खुर्ची रिकामी दिसली. जेरामभाईंच्या उजव्या हाताची. कुरजीभाईंची. वर्षभर तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. भौतिकचं तोंड उघडलं, पण तोवर झवेरीने लॅपटॉप उघडला होता.

भिंतीवर चित्रं पडू लागली. भालोडियांचा पंप, शेजारी वर चढत जाणारी हिरवी रेघ. झवेरी म्हणाला, "काका, नुसती वसाहतीत नाही, देशात तुमची कंपनी कुठे बसू शकते ते बघा."

जेरामभाई बघत होते. रेघ चढत होती. त्यांच्या मनात एवढंच आलं, की पंपाचं पाणी असं चढत नाही, पंप आधी थोडी हवा फेकतो. मग चहा आला. सगळ्यांना आपापला कप. खिडकीत कडुलिंब. वर्षभरात त्या टेबलावर, त्या वेळी, त्यांच्यापुढे चहा पहिल्यांदा आला होता.

हातांना कोणी काही सांगितलं नव्हतं. हातांनी कप उचलला, अर्धा बशीत ओतला आणि बशी उजवीकडे सरकवली.

सुर्रकन आवाज आला. जेरामभाईंनी वळून पाहिलं तेव्हा झवेरी मिशी पुसत होता आणि बशी रिकामी होती.

"जय श्री कृष्ण," सीए म्हणाला आणि त्याने पेन बंद केलं.

भौतिक उठून उभा राहिला, टेबलाला वळसा घालून आला आणि काकांच्या पाया पडला. पेढ्यांसाठी ड्रायव्हरला पिटाळलं. ऑफिसातले सगळे दारात जमले. जेरामभाई रिकाम्या बशीकडे बघत राहिले. ही उजवीकडची, घरची होती, हे सांगायला हवं, असं त्यांच्या लक्षात आलं. जसं भर पंगतीत घरी गॅस चालू राहिल्याचं लक्षात यावं. पण आजवर अर्धी कोणी परत घेतली नव्हती. दिलेल्या बशीवरून फिरलेला पहिला भालोडिया व्हायला जेवढी धग लागते तेवढी त्यांच्यात उरली नव्हती. शिवाय पेढा तोंडात होता.

संध्याकाळी रंभाभाभीने मुलाला एकदाच विचारलं, "स्वतःच्या हाताने दिली?"

"स्वतःच्या हाताने, मम्मी. सगळ्यांनी पाहिलं."

तिने डोळे मिटून सही केली.

पुढचे महिने वकिलांचे. वसाहतीत बातमी अशी, की जेरामभाई मोठे खोल निघाले, वर्षभर मौन धरून बरोबर तेजीत बशी सरकवली. वल्लभ सगपरिया रस्ता ओलांडून खास अभिनंदनाला आले.

"जेरामभाई, मानलं बुवा तुम्हाला. आम्ही उगाच घाई केली. तुम्ही बाजार पिकू दिलात."

"हं," जेरामभाई म्हणाले.

"आता एक सांगू? भाऊ म्हणून सांगतो. झोप काढून घ्या जेवढी काढायची तेवढी."

आणि मग कंपनी सेक्रेटरी आली. लोकांचा पैसा घ्यायचा तर असा एक माणूस ठेवावाच लागतो, जो कायद्याकडे डोळा ठेवेल. भावनगरची कृपा व्यास, चष्मा, हळू आवाज, सगळ्यांना सर. तिचं सामान म्हणजे फायली, आणि त्यांना लागणार कुलूप. ती भौतिकच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मांडीवर फायली घेऊन बसायची. अवघडलेली. तिला खोली हवी होती, आणि शेडमध्ये दाराची रिकामी खोली एकच.

भौतिकने नकाशा आणून काकांपुढे पसरला. जिथे दोन खाटा होत्या तिथे 'कंपनी सेक्रेटरी' लिहिलं होतं. लाकडी दाराच्या जागी काच.

"चालेल ना, काका?"

जेरामभाईंनी नकाशावर बोट ठेवलं. कूलरची जागा कुठे होती ते शोधलं. तिथे एक झाड काढलं होतं, कुंडीतलं. आपल्याला आत्ता काहीतरी व्हायला हवं, असं त्यांना वाटलं. थोडा वेळ वाट पाहिली.

"बरं," ते म्हणाले.

एकदा कृपा त्यांच्यासमोर वही उघडून बसली. लोकांसाठी जे माहितीपत्रक छापायचं त्यात चेअरमनचे दोन शब्द हवे होते. "सर, तुमच्या शब्दांत सांगा. कंपनी पब्लिक करायचं तुम्ही नेमकं का ठरवलंत?"

जेरामभाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "चहा पिऊन झाला होता," ते म्हणाले.

कृपाने काही क्षण पेन धरून ठेवलं. मग लिहिलं, 'व्यवसायवृद्धीसाठी हीच योग्य वेळ असल्याचं संचालकांचं ठाम मत झालं.'

शेवटच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या त्या आठवड्यात मात्र जेरामभाईंनी भौतिकला रिंग रोडला बोलावलं. स्वतःहून. एवढ्यानेच भौतिक घाबरला. संध्याकाळी तिथे अर्धं राजकोट स्कूटरी उभ्या करून हवा खात बसलेलं असतं. हे दोघे कठड्यावर बसले. मधे शेंगांची पुडी. जेरामभाईंनी वाक्य तयार करून आणलं होतं. लहानसंच होतं. ती तुझ्या साहेबाची नव्हती, हात चुकला. एवढं बोललं की खोली राहणार होती. वसाहत हसली असती, भौतिक महिनाभर तोंड फुगवून फिरला असता. पण खोली राहिली असती.

"त्या दिवशीची अर्धी," ते म्हणाले.

"काका, मलाही त्याच्याबद्दल बोलायचं होतं," भौतिक एकदम म्हणाला. "तुम्ही बोलावलंत म्हणून हिंमत करतो."

जेरामभाई शेंग सोलत थांबले.

"तुम्हाला वाटत असेल, पोराला त्या वल्लभकाकांचा टीव्ही चावला. लोकही तेच म्हणतात. म्हणू दे. काका, पप्पा गेले त्या दुपारी मोरबीहून एक माणूस पप्पांना भेटायला आला होता. मी बाहेरच होतो. घाईत होता, म्हणाला, दोन मिनिटं उठव. मी दाराला हात लावला आणि परत फिरलो. म्हटलं, एक ते चार आमच्याकडे दार वाजवत नाहीत. चारनंतर या."

समोरून कुल्फीची गाडी घंटी वाजवत गेली.

"वाजवलं असतं तर कदाचित... डॉक्टर म्हणतात, काही उपयोग नव्हता. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला. मला ते दार बघवत नाही, काका. तुम्ही एकला आत जाता आणि दार लावता, तेव्हा चारपर्यंत मला श्वास घेता येत नाही. मी बाहेर उभा असतो. तुम्हाला माहीत नाही, मी रोज उभा असतो."

जेरामभाईंना खरंच माहीत नव्हतं.

"बाजारातली कंपनी झाली की दुपारी बंद ठेवता येत नाही. फोन येतात, लोक येतात. काचेचं दार असेल. कोणी झोपणार नाही. मला एवढंच हवंय. बाकी हिरवी रेघ त्या झवेरीला लखलाभ. आणि मला वाटत होतं, तुम्ही मला दोष देता. वर्षभर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. त्या दिवशी तुम्ही बशी सरकवलीत ना, मी घरी जाऊन झोपलो काका. नीट. वर्षाने." त्याने नाक पुसलं. "तुम्ही काय म्हणत होतात त्या अर्धीबद्दल?"

जेरामभाईंनी सोललेला दाणा हातात धरला होता. त्यांनी तो भौतिकच्या हातावर ठेवला.

"मीही झोपलो होतो," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दुपारी. मीही आतच होतो ना. झोपलो होतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "काही नाही. त्या दिवशी साखर जास्त होती, एवढंच सांगायचं होतं."

भौतिक आधी बघत राहिला आणि मग नाकातून हसला. लाल डोळ्यांनी. दोघांनी पुडी संपवली. सह्या ठरल्या दिवशी झाल्या.

भरणं भरलं, चांगलं भरलं. मुंबईला शेअरबाजाराची घंटा वाजवायला रंभाभाभी सोडून घरचे सगळे गेले. जेरामभाईंना फेटा बांधला, हातात हातोडी दिली, त्यांनी वाजवली. टाळ्या झाल्या, वरून चकचकीत कागद पडले. घंटेचा आवाज त्यांना शेजारच्या गल्लीतल्या आरतीसारखा आला. पहिला भाव वर उघडला तेव्हा मुक्ताबेनने आनंदाने त्यांना कोपर मारलं, ते त्यांना जरा उशिरा कळलं. झवेरीने पुढे होऊन हात मिळवला.

"काका, त्या अर्ध्या बशीची चव विसरणार नाही."

"कशी होती?" जेरामभाईंनी विचारलं. त्यांना जाणून घ्यायचं होतं. झवेरीला तो विनोद वाटला.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी एक वाजला, डबा संपला आणि जेरामभाई उठून मागे गेले. काचेच्या दाराआड कृपा फोनवर बोलत होती. त्यांना बघून ती घाईने उभी राहिली. कपाटं, कुंडी. भिंतीवर कूलरच्या जागी फिकट चौकोन.

"सर, काही हवं होतं?"

"खाटा?"

"रंभाबेननी टेम्पो पाठवला होता, सर. आपण मुंबईला होतात तेव्हा."

चेअरमनची गाडी दुपारी सव्वाच्या उन्हात कुरजीभाईंच्या जुन्या घरासमोर थांबली. ओसरीवर दोन खाटा लागल्या होत्या, मध्ये जुना कूलर खडखडत होता. रंभाभाभी उंबऱ्यात गवार मोडत बसली होती.

"या, शेअरबाजार," ती म्हणाली. "डाव्या खाटेवर. चप्पल बाहेर."

जेरामभाई पडले. झोप आली नाही. कूलरचा वारा डोक्यावरून जात होता. गवारीच्या शेंगा मोडल्याचा आवाज मधेमधे येत होता.

"जेरामभाई, एक विचारू?"

"हं."

"तो झवेरी त्या दिवशी बसला कुठे होता? समोर?"

ओसरीच्या छताला एक पाल चिकटून होती. जेरामभाई तिच्याकडे बघत राहिले.

"उजवीकडे," ते म्हणाले.

शेंगा मोडायचा आवाज थांबला.

"म्हणजे ह्यांची होती ती."

"हो."

"आणि तो गटागट पिऊन बसला." भाभीच्या घशातून एक आवाज निघाला. आधी तो कसला ते कळलं नाही, मग कळलं, ती हसत होती. पदर तोंडाला लावून, गवारीची परात हलेपर्यंत. "ह्यांच्या वाट्याचा चहा पिऊन सगळी कंपनी बाजारात नेली मेल्याने. आणि तुम्ही? तुम्हाला तोंड नव्हतं?"

जेरामभाईंनीही हसायचा प्रयत्न केला. गाल हलले नाहीत. "भौतिकला ते दार नको होतं, भाभी."

ती परात उचलून आत गेली. मोरीत पाणी वाजलं.

चारला ती बाहेर आली ती एक कप आणि एक बशी घेऊन. दोन खाटांच्या मध्ये स्टूल ओढलं, त्यावर ठेवली आणि खांबाला टेकून उभी राहिली. जेरामभाई उठून बसले. चादरीची घडी केली. कप उचलला, अर्धा ओतला, बशी उजवीकडे सरकवली. रिकाम्या खाटेकडे.

भाभीने वाट पाहिली. बशीवर बारीकशी साय धरली, सुरकुतली. मग तिने पुढे येऊन बशी उचलली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली.

"झालं," ती म्हणाली. "सौदा पक्का."

"कसला?"

"ते बघू नंतर. साखर ठीक आहे?"

जेरामभाईंनी कपातला घोट तोंडात धरला. जिभेवरून इकडून तिकडे फिरवला. त्यांना खरं उत्तर द्यायचं होतं.

"कळत नाही अजून," ते म्हणाले.

"बरं." तिने कप आणि बशी एकात एक घातली. "उद्या परत विचारीन."